धाप, खोकला आणि ‘इम्युनिटी’ : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या ओपीडीत सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही पेशंटचे आहेत, काही त्यांना घेऊन येणाऱ्या मुला-सुनांचे, तर काही मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवत विचारलेले. छाती तपासल्याशिवाय औषध सांगता येत नाही, त्यामुळे अमुक गोळी घ्या असं इथे कुठेच सापडणार नाही.

प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: कुठला आजार टाळायचाय? प्रतिकारशक्ती म्हणजे तांबड्या रश्श्याचा झणका नव्हे, की चमचाभर चटणी जास्त घातली आणि वाढला.

माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढतो. तिच्याबरोबर धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, विषाणू असं सगळंच येतं. नाकातले केस, श्वासनलिकेतला चिकट थर, तो थर घशाकडे ढकलत राहणारे अतिसूक्ष्म तंतू आणि वायुकोशांत फिरून कचरा गिळणाऱ्या पेशी ही राखण दिवसरात्र चालू असते. ती कमी पडली तर आजार होतो, तसा ती नको तिथे भडकली तरी होतो. दम्यात साध्या धुळीवर किंवा परागकणांवर शरीर शत्रू आल्यासारखं तुटून पडतं आणि श्वासनलिका सुजतात. म्हणजे दम्याच्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी नसते, ती चुकीच्या ठिकाणी जास्त असते.

कोविडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. जीव वाचवणारं औषध प्रतिकारशक्ती दाबणारं होतं, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे ती वाढवणाऱ्या बाटल्या मेडिकलच्या काउंटरवर मांडलेल्या होत्या!

टीबीत गोष्ट उलटी असते. तिथे कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, दारू यांमुळे राखण खरोखर कमी पडते. या दोन्ही टोकांना पुरेल अशी एक बाटली कुणी बनवलेली नाही. पोटभर प्रथिनयुक्त जेवण, आटोक्यातली साखर, झोप, तंबाखू बंद आणि वेळेवर लस यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पेशंटना ही यादी आवडत नाही, कारण हिच्यात विकत घेण्यासारखं फार काही नाही.

मग व्हिटॅमिन सी, डी, झिंक?

कमतरता असेल तर भरून काढा. डी कमी असेल तर हाडांसाठीही ते द्यावंच लागतं. पण रक्तात डी पुरेसं असताना आणखी घेऊन छातीचे आजार टळतात, असं म्हणायला सध्या भक्कम आधार नाही. व्हिटॅमिन सी वर अनेक चाचण्या झाल्या. त्या एकत्र तपासल्यावर दिसलं, की रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी होण्याचं प्रमाण घटत नाही. झालेली सर्दी प्रौढांमध्ये सुमारे ८ टक्क्यांनी लवकर बरी होते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीतला अर्धा दिवस. मॅरेथॉन धावणारे, बर्फात सराव करणारे सैनिक अशा कमालीच्या श्रमाच्या लोकांत मात्र सर्दीचं प्रमाण निम्मं झालं. लिंबू, आवळा, पेरू खायला कुणाची ना नाही, आणि ते गोळ्यांपेक्षा स्वस्तही पडतं.

दमा आणि सीओपीडी यांत फरक काय? आम्ही दोन्हीला दमाच म्हणतो.

दमा बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, आणि औषधाने आकसलेली श्वासनलिका बऱ्याच अंशी पूर्ववत होते. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा जुनाट आजार, चाळिशीनंतर हळूहळू येतो. आधी जोतिबाचा डोंगर चढताना धाप लागते, मग घरचा जिना चढताना, मग अंघोळ करताना. त्यात झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही, फक्त पुढचं थांबवता येतं. काहींना दोन्हीही असतात.

देशपातळीवरचा २०१६ चा अंदाज असा आहे: सीओपीडीचे साडेपाच कोटी, दम्याचे पावणेचार कोटींच्या आसपास रुग्ण. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा तेव्हा १८ टक्के होता, पण श्वसनाच्या जुनाट आजारांच्या एकूण ओझ्यात ३२ टक्के. रुग्ण जास्त आहेत हे एक कारण झालंच, पण निदान उशिरा होतं आणि औषध अर्धवट घेतलं जातं हेही तितकंच खरं.

आमच्या आईने कधी बिडी हातात धरली नाही. तिला सीओपीडी कसा?

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगभरचे अभ्यास तपासून दाखवलं, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नसतं. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत पहिला संशय चुलीवर जातो. शेणी, काटक्या, तुराट्या, पाऊस लागला की ओली लाकडं, आणि हे सगळं वारं न फिरणाऱ्या सोप्यामागच्या स्वयंपाकघरात, वीस-तीस वर्षं. जुनी गुऱ्हाळं, लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, नीट उपचार न झालेला दमा आणि होऊन गेलेला टीबी हीसुद्धा कारणं असतात. डासांची कॉइल विसरू नका: २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. दारं-खिडक्या लावून, उशाला कॉइल ठेवून झोपायची सवय अजून घरोघरी आहे. मच्छरदाणी बरी.

मग गॅस आला की प्रश्न मिटला? इथे एका संशोधनाचा निकाल सांगायलाच हवा, कारण तो आपल्या समजुतीला धक्का देतो. ‘हापिन’ नावाची मोठी चाचणी तामिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे झाली. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर फुकट दिले, बाकीची घरं चुलीवरच राहिली. गॅसच्या घरांतला धूर खूप कमी झाला. पण जन्मलेल्या बाळांचं वजन वाढलं नाही आणि त्यांच्यातला गंभीर न्यूमोनियाही घटला नाही. याचा अर्थ चूल निरुपद्रवी आहे असा नाही. आयुष्यभराचा धूर वर्ष-दीड वर्षाच्या गॅसने पुसला जात नाही, आणि घराबाहेरचा धूर तर सगळ्यांना सारखाच असतो. चूल बंद कराच, आईचा खोकला त्याने कमी होऊ शकतो, पण तिची स्पायरोमेट्रीही करून घ्या.

स्पायरोमेट्री कशाला? एक्स-रे तर नॉर्मल आलाय.

सुरुवातीच्या सीओपीडीत आणि दम्यात एक्स-रे बहुतेकदा नॉर्मलच येतो. स्पायरोमेट्रीत छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, संपेपर्यंत फुंकायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, याचं गुणोत्तर पाहतात. पंपाचं (इनहेलरचं) औषध दिल्यानंतरही ते ०.७ च्या खाली राहिलं, तर सीओपीडीचं निदान पक्कं होतं. सुई नाही, रेडिएशन नाही. थोडी चक्कर आल्यासारखं वाटतं, तेवढंच. रक्तदाब तपासल्याशिवाय बीपीची गोळी कुणी सुरू करत नाही, मग फुंकायला न लावता वर्षानुवर्षं दम्याच्या गोळ्या का दिल्या जातात, हे मला कळत नाही.

पंपाची सवय लागते म्हणतात. गोळीवर भागणार नाही का?

सवय लागत नाही. ज्याला पंप बंद केल्यावर त्रास होतो त्याचा आजार शिल्लक असतो. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं म्हणून कुणी चष्म्याला नावं ठेवत नाही, पण पंपाला ठेवतात. मुलीचं लग्न ठरायचंय, पाहुण्यांसमोर पंप नको, हे कारण तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर आधी आईशी बोलतो, मग मुलीशी.

हिशेब बघा. पंपातून दिवसाला जाणारं स्टेरॉइड साधारणपणे काही शे मायक्रोग्रॅम असतं. गोळीतून तेच ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅमपासून पुढे जातं, आणि फुफ्फुसाऐवजी सगळ्या अंगात फिरतं. साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, चेहऱ्यावर सूज, मोतीबिंदू हे सगळं त्या गोळ्यांचं देणं. बाजारात मिळणाऱ्या काही निनावी ‘दम्याच्या पुड्यां’त हेच स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. तीन दिवसांत जादू झाली की मला आधी तीच शंका येते.

दुसरी चूक फक्त निळ्या पंपावर राहण्याची. तो नळी तेवढ्यापुरती उघडतो, सूज तशीच राहते. दम्याबाबतच्या ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय, की प्रौढांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या दम्यावर निव्वळ असा तात्पुरता पंप देऊ नये, सूज कमी करणारं औषधही सोबत हवं.

घ्यायची पद्धत चुकली तर सगळं फुकट जातं. दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावा. कॅप्सूल घालायच्या यंत्रात मात्र जोरात आणि लांब ओढायचं, मग श्वास थोडा रोखायचा. नंतर चूळ भरून टाका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. पुढच्या वेळी येताना पंप सोबत आणा आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा.

गुऱ्हाळावर काम आहे. हंगामात संध्याकाळी ताप भरतो, छाती दाटते. सर्दीच आहे ना?

तसं असेलही, पण चिपाडाकडे संशय धरा. उसाचा रस काढून राहिलेलं चिपाड ढीग करून ओलसर ठेवलं, की आतून तापतं आणि त्यात उष्णता आवडणारे जिवाणू वाढतात. वाळलेला ढीग फोडताना त्यांची धूळ उडते. ती वारंवार छातीत गेली, की काहींच्या फुफ्फुसात अ‍ॅलर्जीची सूज येते. या आजाराला बॅगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेतल्या लुइझियानामध्ये १९४१ मध्ये त्याची पहिली नोंद झाली. तोही ऊसपट्टाच.

खूण वेळेत असते. धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, अंगदुखी, कोरडा खोकला, धाप. काम थांबवलं की दोन-तीन दिवसांत उतार. पुन्हा गेलं की पुन्हा तेच. न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं, सुट्टीमुळे बरं वाटतं आणि श्रेय गोळीला जातं. असं वर्षानुवर्षं चाललं तर फुफ्फुस कडक होत जातं आणि मग ते मऊ होत नाही. इलाजाची पहिली पायरी म्हणजे ती धूळ टाळणं: चिपाड चांगलं वाळवून, हवेशीर जागी, पावसापासून झाकून ठेवणं, बुरशीचा वास येणारा ढीग फोडताना एन-९५ मास्क लावणं. तोंडाला बांधलेला टॉवेल एवढी बारीक धूळ अडवत नाही. चुलवाणापुढे बसणाऱ्याला धुराचा त्रास वेगळा, तो या हिशेबात धरलेला नाही.

शिरोलीत फौंड्रीत पंधरा वर्षं झाली. धाप लागते, एक्स-रेत डाग आहेत. टीबीचा कोर्स दोनदा झाला तरी डाग जात नाहीत.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, हा सगळा पट्टा ओतकामावर उभा आहे. कोल्हापूरच्या कास्टिंगचं नाव मोठं आहे. साचा ज्या वाळूचा करतात तिच्यात सिलिका असते. साचा फोडताना, कास्टिंग घासताना, ब्लास्टिंग करताना तिचा डोळ्यांना न दिसणारा भुगा होतो. तो वायुकोशात पोचला की कचरा गिळणाऱ्या पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, भुगा पुन्हा मोकळा होतो, दुसऱ्या पेशी तो गिळतात. या फेऱ्यात फुफ्फुसात गाठी होत जातात. हाच सिलिकोसिस. तो बहुतेकांना दहा-वीस वर्षांनी कळतो. नोकरी सोडल्यावरही वाढू शकतो, आणि झालेलं नुकसान मागे नेणारं औषध अजून नाही.

एक्स-रेत तो टीबीसारखा दिसतो. त्यातून सिलिकोसिसच्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांहून कितीतरी जास्त असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असणंही शक्य आहे. म्हणून थुंकी तपासल्याशिवाय केवळ डाग बघून तिसरा कोर्स सुरू करू देऊ नका. डॉक्टरांना कामाची पूर्ण हकीकत सांगा: कुठल्या विभागात, किती वर्षं, धूळ ओढणारा पंखा होता का. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे आणि तो झाल्यास कामगाराला भरपाईचा हक्क आहे. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर निदान कागदावर येऊ द्या. कागदावर नसलेल्या आजाराची भरपाई मिळत नाही, आणि तो कागदावर येऊ नये असं वाटणारी माणसंही असतात.

संशोधनाच्या बाजूने एक आशादायक गोष्ट आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहमदाबाद इथल्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने सीसी-१६ या रक्तातल्या प्रथिनावर आधारलेली तपासणी तयार केली आहे. सिलिकामुळे फुफ्फुसाच्या पेशी खराब होऊ लागल्या की हे प्रथिन घटतं. म्हणजे एक्स-रेत काही दिसायच्या आधीच माणूस धुळीतून बाजूला काढता येईल.

इचलकरंजीच्या सूतगिरणीत आहे. सुट्टीनंतर पहिल्या पाळीलाच छाती आवळते.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जास्त आणि पुढे आठवडाभर कमी होत जाणारा त्रास ही बिसिनोसिसची जुनी ओळख आहे. कच्च्या कापसाच्या धुळीतल्या जिवाणूंच्या विषारी अंशामुळे तो होतो. पिंजण आणि कताईच्या खात्यात धोका जास्त, मागावर त्यामानाने कमी. पाळीच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा स्पायरोमेट्री केली की फरक आकड्यात दिसतो. खातं बदलून मिळत असेल तर लवकर मागून घ्या.

पुरानंतर घराच्या भिंतींना काळी बुरशी आली. त्याने दमा होतो का?

ज्यांना दमा आहे त्यांचा वाढतो, हे नक्की. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या घरांत पाणी दिवसेंदिवस उभं राहिलं आणि ओसरल्यावर गाद्या, कपाटं, गिलावा सगळ्यांत ओल मुरली. काही दम्याच्या रुग्णांत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी श्वासनलिकेत ठाण मांडते आणि तिच्याविरुद्ध शरीराची अ‍ॅलर्जी भडकते. नेहमीच्या पंपाने न आवरणारा दमा आणि तपकिरी, खड्यांसारखा बेडका दिसला, तर त्याची रक्ततपासणी करावी लागते.

भिजलेल्या कापसाच्या गाद्या वाळवून वापरू नका, टाकून द्या. भिंत साबणाच्या पाण्याने घासा, वाळू द्या, मगच रंग. ओल्या भिंतीवर रंग मारला की बुरशी फक्त दिसेनाशी होते. हे काम घरातल्या दमेकऱ्याने करू नये.

गॅलरीत कबुतरं आहेत. घालवावीत का?

हो. आणि त्यांना दाणे टाकणं थांबवा. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ हे फुफ्फुसाच्या अ‍ॅलर्जीचं ओळखीचं कारण आहे. भारतातल्या १९ शहरांतल्या, फुफ्फुस कडक करणाऱ्या आजारांच्या हजारहून अधिक रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले जवळपास निम्मे अशा अ‍ॅलर्जीचेच होते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा संबंध एअर कूलरशी आला होता, तेव्हा उन्हाळ्याआधी कूलरचं गवत बदला आणि टाकी घासा.

‘फुफ्फुसं कडक होत चाललीत’ म्हणाले. स्टेरॉइड सुरू करायचं ना?

कुठल्या कारणाने कडक होतायत, त्यावर ते ठरतं. चिपाड, कबुतर, कूलर यांच्या अ‍ॅलर्जीत स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो. पण कारण न सापडणाऱ्या, उतारवयात येणाऱ्या आयपीएफ या प्रकारात गोष्ट निराळी आहे. कित्येक वर्षं त्यावर प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे त्रिकूट दिलं जात होतं. जगभरचे चांगले डॉक्टर देत होते. ‘पँथर’ नावाच्या चाचणीत ते पहिल्यांदा नीट पारखलं, तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यू आणि अ‍ॅडमिशन जास्त दिसले. त्यामुळे २०११ मध्ये तो गट अर्ध्यातच थांबवावा लागला. आता त्याऐवजी पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं आहेत. ती आजार बरा करत नाहीत, त्याचा वेग कमी करतात. दोन्ही आपल्याकडे मिळतात.

म्हणूनच छातीचे डॉक्टर सिटीस्कॅन बघून लगेच औषध न लिहिता कोंबड्या-कबुतरांपासून कारखान्यापर्यंत अर्धा तास चौकशी करतात. कंटाळू नका.

लहानपणी बीसीजी टोचली होती. मग टीबी कसा झाला?

बीसीजी १९२१ पासून वापरात आहे. ती लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवते. मोठेपणच्या फुफ्फुसाच्या टीबीचं मात्र तसं नाही. तामिळनाडूत चिंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर अभ्यास झाला, पंधरा वर्षं पाठपुरावा झाला, आणि प्रौढांना संरक्षण मिळत नाही असं निघालं. निकाल मनासारखा नव्हता, तरी तो जगासमोर मांडला गेला. मला या अभ्यासाबद्दल त्यासाठीच आदर आहे.

टीबीत प्रतिकारशक्तीचं सगळ्यात ठोस उत्तर ताटातून आलं. झारखंडमध्ये ‘रेशन्स’ ही चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आले. २,८०० टीबी रुग्णांच्या घरांतली १०,३४५ माणसं त्यात होती. रुग्णांना सगळ्याच घरांत पोषण दिलं. निम्म्या घरांत मात्र बाकीच्या माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी आणि थुंकीतून पसरणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ आणि डाळ! कुठल्याही टॉनिकच्या खोक्यावर इतका चांगला आकडा मी पाहिलेला नाही.

निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती पेशंटच्या ताटात जाऊ द्या: अंडी, दूध, शेंगदाणे, उसळ, भाकरी. थुंकीची तपासणी आणि औषधं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, तसंच सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्या. टीबी नसल्याची खात्री झाल्यावर त्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात. माहितीसाठी टोल फ्री क्रमांक १८००-११-६६६६.

दोन आठवडे खोकला आहे. आधी मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन बघू का?

नको. काही अँटिबायोटिक, विशेषतः लिव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातली, टीबीला थोडे दिवस झाकून ठेवतात. निदान लांबतं आणि जंतू चिवट होतात. आधी थुंकी.

फ्लूची लस दरवर्षी कशाला? कधी घ्यायची?

विषाणू दरवर्षी बदलतो म्हणून. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, तेव्हा पावसाच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. साठीपुढचे, गरोदर स्त्रिया, दमा, सीओपीडी, मधुमेह, हृदयाचे रुग्ण यांनी प्राधान्याने घ्यावी. न्यूमोकोकल लस बाळांना सरकारी लसीकरणात मोफत आहे. ज्येष्ठांनी ती स्वतंत्रपणे डॉक्टरांना विचारून घ्यावी.

कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन पडून आहे. धाप लागली की आजोबांना लावू का?

धाप आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन गोष्टी नेहमी जोडीने येत नाहीत. विश्रांतीत ऑक्सिजन सतत ८८ टक्के किंवा त्याखाली असेल, तर दिवसातले निदान १५ तास ऑक्सिजन दिल्याने सीओपीडीचे रुग्ण जास्त जगतात, हे १९८० च्या सुमारास दोन चाचण्यांनी दाखवलं. ऑक्सिजन त्याहून वर, पण नेहमीपेक्षा थोडाच कमी असलेल्यांना फायदा होत नाही, हे २०१६ च्या चाचणीत कळलं. अधूनमधून दहा मिनिटं नळी लावून मनाला बरं वाटतं, एवढंच. काही सीओपीडी रुग्णांत तर बेहिशेबी ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. मशीन चालू असताना जवळ उदबत्ती, बिडी, शेगडी काही नको.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही पूर्ण विसंबू नका. सावळ्या कातडीवर तो कधीकधी खऱ्याहून जास्त आकडा दाखवतो. नेलपॉलिश आणि थंडगार बोटंही घोळ घालतात. ओठ निळे पडले, वाक्य पूर्ण बोलता येईना, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर आकडा बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

कोल्हापूरची हवा चांगली आहे ना? दिल्ली थोडीच आहे!

दिल्ली नाही, पण २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे. बारीक कणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. हंगामात पाचट पेटवलं की संध्याकाळी धूर खाली बसतो. दमेकऱ्याने फिरायला जायची वेळ त्या दिवसांत बदलावी. पाचट कुजवलं तर रानालाच खत मिळतं, पण तो विषय शेतीवाल्यांचा.

दवाखान्यात ‘ट्रायलमध्ये भाग घ्या’ म्हणाले. आमच्यावर प्रयोग करणार का?

प्रयोग हा शब्द खरा आहे, त्याला घाबरण्यापेक्षा त्याचे नियम माहीत करून घ्या. औषधांची कोणतीही क्लिनिकल ट्रायल सुरू होण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते, तेव्हा नोंदणी क्रमांक मागा. २०१९ च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. त्या समितीत डॉक्टरांसोबत कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य माणूसही असावा लागतो.

संमतीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे. ते घरी न्या, मुलांना दाखवा, मग सही. कुठल्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. चाचणीच्या औषधाचे पैसे तुमच्याकडून मागितले, तर तिथून उठा.

तुम्हाला नवं औषध मिळेल की जुनं, हे बहुतेकदा चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. अनेकांना यात फसवणूक वाटते. पण वर सांगितलेलं त्रिकूट आठवा: अनुभवी डॉक्टरांना ते उपयोगी वाटत होतं. तुलनेसाठी दुसरा गट नसता तर ते आजही दिलं जात असतं.

कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो का?

नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. लहान मुलांपासून कापूर लांब ठेवा. तो पोटात गेला तर झटके येतात.

श्वास दहा सेकंद रोखता आला म्हणजे फुफ्फुसं ठीक, हे खरं का?

हेही नाही. सीओपीडीचे कित्येक रुग्ण दहा सेकंद आरामात रोखतात, आणि निरोगी माणूस घाबरलेला असेल तर पाचव्या सेकंदाला सोडतो.